सत्तर पावलांचा सरळ उतार

कळंब
९ नोव्हेंबर

प्रिय हरिसिंग,

तुझ्या तांड्यामागच्या टेकडीवरचा तो सत्तर पावलांचा सरळ उतार तयार करायला नेमकं काय काय लागलं, ते काल दुपारी दुकानात बसून मी एका पुठ्ठ्यावर लिहून काढलं. दोन कुदळी, त्यातल्या एकीचा दांडा मोडला. जमीन ठोकायची एक धुमस. चार ट्रॉल्या मुरूम. आडवं येत होतं म्हणून तोडलेलं एक बोरीचं झाड. नऊ दिवस, आणि त्या नऊ दिवसांत घरून मैनाबाईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या. इथपर्यंत लिहून पुठ्ठा बाजूला ठेवणार होतो. पण यादी अर्धीच आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढचंही लिहिलं. तुझ्या सोनूचा उजवा गुडघा. आणि तुझे दोन हात.

पत्र पाहून तू म्हणशील, या सेठले आज कागद काहून आठवला. फोन केला असता, पण माझा फोन कसा चालतो ते तुला माहीत आहे. पहिल्या मिनिटाला मी तुला हसवतो, दुसऱ्या मिनिटाला जिनिंगवर कापसाच्या किती गाड्या आल्या ते विचारतो आणि तिसऱ्या मिनिटाला गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतो. तीन वर्षं हेच चाललंय. तूही मारेगावहून "बरं हाये सगळं" म्हणतोस आणि सुटतोस. बोलून वेळ मारून नेण्यात आपला हात कोणी धरणार नाही. अर्धं दुकान मी त्याच्यावरच उभं केलं. कागदावर ती सोय नाही. समोरचा हसला की नाही ते इथं दिसत नाही, त्यामुळे माणसाला सरळ लिहावं लागतं. तरी बघ, एक आख्खा परिच्छेद मी फोनच्या गोष्टीत घालवलाच.

इकडचं म्हणशील तर वेचणी सुरू आहे. बाया मिळत नाहीत, म्हणून मैनाबाई स्वतः वावरात जाते आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर राग काढते. परवा म्हणाली, "साऱ्या गावच्या सायकली ऐकू येतात तुम्हाले, घरातला कुकर तेवढा ऐकू येत नाही." आमचा रजत दिवाळीला चार दिवस येऊन पुण्याला परत गेला. टेकडीवर आता दर रविवारी नागपूर-अमरावतीची पोरं येतात, गाडीच्या टपावर सायकली बांधून. तुझ्या तांड्यातल्या देवीलालनं, सरपंच असूनही, आपला सायकलचा ट्रेल जिथं संपतो तिथं चहापोह्यांची टपरी टाकली आहे. तो अजून ट्रेल म्हणत नाही. "सायकलची पांदण" म्हणतो, आणि पोरंही आता तेच म्हणायला लागली आहेत. येत्या डिसेंबरात पुन्हा शर्यत आहे. सोनूनं नाव दिलंय, ते तुला माहीत असेलच, आणि तू त्याबद्दल एक शब्दही बोलत नाहीस तेही मला माहीत आहे. तिची नवी सायकल सुटे भाग करून खोक्यात माझ्या दुकानी येऊन पडली आहे. मी खोक्याची दोरीसुद्धा सोडलेली नाही.

जुनी पोरं विचारतात, चाक सरळ करणारे ते दादा कुठं गेले? मी म्हणतो, मारेगावला साळ्याकडे आहेत, येतील. जिनिंगच्या गेटवर बसून तू पावत्या फाडतोस, हे मी कोणाला सांगत नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी मी तिकडं आलो होतो, हे तुलाही सांगितलं नाही. गेटसमोरच्या हॉटेलात बसलो, एक चहा घेतला, दुसरा घेतला. तू खुर्चीवर होतास. एक म्हातारा हमाल सायकल ढकलत आला. चेन पडली होती, एवढंच. त्यानं सायकल तुझ्यापुढं उभी केली. तू दोन्ही हात मागं घेतलेस, हरि. पाठीमागं एकात एक अडकवलेस आणि मानेनं त्याला रस्त्यापलीकडचं दुकान दाखवलंस. चेन चढवायची होती फक्त. झोपेत चढवशील तू. मी तिसरा चहा सांगितला होता, तो तसाच टाकून परतीच्या बसमध्ये बसलो.

तुला बसस्टँडसमोरचं ते कडुनिंबाचं झाड आठवतं का? मी तेरा वर्षांचा, एक घमेलं पाणी, एक पंप आणि सोल्यूशनची अर्धी ट्यूब, एवढ्यावर पंक्चरचं दुकान मांडून बसलो होतो. तू तुझ्या बापूची सायकल घेऊन आलास. चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या. मी म्हटलं, उद्या ये. तू म्हणालास, "पाना दे, मीच बसवतो." बसवल्यास, आणि चाक असं सरळ केलंस की मला माझ्याच दुकानात लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून तू झाडाखालीच. मी न शिकलेला, तू माझ्यापेक्षा न शिकलेला. पण बारीकसारीक ऐकायचा मला नाद आणि हातानं ओळखायचा तुला. तू चाक फिरवून डोळे मिटायचास, रिमला अंगठ्याचं नख लावायचास आणि कुठली तार किती आवळायची ते सांगायचास. आणि मी! आता फुशारकी वाटेल, पण खरं ते खरं. दुकानाकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायचो आणि रस्त्यावरून जाणारी सायकल कोणाची, तिला काय झालंय, ते सांगायचो. पोस्टमनची आहे, फ्रीव्हील कोरडं पडलंय. शाळेतल्या बाईंची आहे, मागच्या चाकात बेअरिंगचा एक छर्रा फुटलाय. पैज चहाची. इतक्या वर्षांत एक चहा मी हरलो नाही. पुढंपुढं कळंबात बोलायची रीतच झाली, मारोतीनं ऐकलं ना, मग खोलून पाहायची गरज नाही. माझे कान आणि तुझे हात, यावर आपलं दुकान मोठं झालं. पाटीवर मात्र नाव माझं एकट्याचं लागलं. तू कधी बोलला नाहीस. मीही विचारलं नाही.

टेकडीचंही तसंच झालं. नागपूरचे ते डॉक्टर गिअरची सायकल दुरुस्तीला घेऊन आले आणि म्हणाले, इथं डोंगरात चालवायला वाट आहे का? डोंगरात सायकल कायले चालवायची, असं मी मनात म्हटलं, पण तोंडानं म्हणालो, आहे ना, रविवारी या, दाखवतो. वाट मला कुठं माहीत होती? तुला माहीत होती. गवतात बुजलेली, दोन हात रुंदीची, तुमच्या लोकांच्या लदेणीची वाट. तुझ्या आज्याचा आजा पाठीवर गोणी लादलेले बैल घेऊन जिथून मीठ आणि धान्य न्यायचा, ती. तू तिला डोळ्यानं नाही, पायानं शोधत गेलास. खालच्या अंगाला सरकवलेले दगड, खुरांनी गुळगुळीत झालेला काळा पत्थर. शंभर बैल ओझं घेऊन उतरतात तेव्हा ते जिथं वळतात तिथंच वळण खरं, असं तू म्हणायचास. आणि काय वाट निघाली ती! अकरा किलोमीटर, कुठं दम तोडणारी चढण नाही, कुठं जीव घेणारा उतार नाही. पुण्याचा एक जण म्हणाला, हे डिझाईन कोणी केलं? तू म्हणालास, "बैलानं." तो हसला. मी पुढं झालो आणि म्हणालो, आम्ही दोघांनी. वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा दोघांतला एकच उरला होता, आणि तो तू नव्हतास.

ग्रामपंचायतीनं ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, जमिनीतून वाटेला ठराव दिला, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून मी लोखंडी पाट्या करून आणल्या, आणि पहिल्या मोठ्या शर्यतीची तारीख ठरली. माझ्या डोक्यात एकच खुपत होतं. तांड्याच्या वरच्या अंगाला तो उघडा, गवताचा स्वच्छ उतार होता. खालच्या मैदानातून सगळ्यांना दिसेल असा. आणि नेमकी तिथंच तुझ्या बैलांची वाट त्याला वळसा घालून झाडीत शिरायची आणि पाऊण किलोमीटर फिरून परत यायची. मी म्हटलं, हरि, इथून सरळ काढू, लोकांना मजा येईल, फोटो चांगले येतील. तू म्हणालास, "नाई. इथं लादलेला बैल सरळ उतरत नव्हता. मारला तरी नाई. आजा सांगे." मी विचारलं, काहून? तर म्हणालास, "बैलानं नाई सांगतलं." आपण दोघंही हसलो. तू खरंच हसला होतास. मी मनात कुदळी मोजत होतो.

मग तू बहिणीच्या मुलीच्या लग्नाला पुसदकडं गेलास. त्या नऊ दिवसांत मी तो उतार काढला. तू परत आलास, वरून खालपर्यंत चालत गेलास, खाली बसलास आणि पायातला काटा काढता काढता एवढंच म्हणालास, "मारोती, बैल येडा नव्हता." पुढं कधी विषय काढला नाहीस. पोरांनी त्या उताराला "मारोती ड्रॉप" नाव दिलं तेव्हा तूच त्याची पाटी ठोकलीस.

आता जे लिहितोय ते मी मैनाबाईलाही सांगितलेलं नाही. सातव्या दिवशी दुपारी, उताराच्या मध्याच्या थोडं खाली, मी स्वतः धुमस मारत होतो. भरीव जमीन एकदा "धप्प" करते आणि गप्प होते. एका जागी, हात-दीड हात रुंदीत, ती गप्प झाली नाही. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यावर आवाज आतल्या आत फिरतो ना, तसा फिरला. मी पुन्हा मारली. अर्धं पाऊल सरकून पुन्हा मारली. सोबत दोन मजूर होते, त्यांना काही समजलं नाही. मला समजलं. खालून पाणी पाझरून जमीन आतून खाल्ली गेली होती आणि वर कातडं राहावं तसा थर उरला होता. बैल काहून वळत होता, ते शे-दीडशे वर्षांनी त्या जागी मला कळलं, हरि. ओझं घेतलेल्या जनावराला ते खुरातून कळायचं. खोदून बघायला एक दिवस आणि दगडांनी भरायला आणखी तीन, असे चार दिवस गेले असते. तू उद्या-परवा येणार होतास. आलास तर म्हणणार होतास, बुजव हे आणि वळशानं जाऊ दे. शर्यत बारा दिवसांवर होती. मी मजुरांना म्हटलं, इथं एक ट्रॉली रिकामी करा, जरा खोलगट वाटते.

शर्यतीच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला. बारीकच. वर मुरूम छान बसला होता, धूळ बसली म्हणून मीच खूश झालो. त्या रविवारी पहाटे तू सोनूच्या सायकलीला पुढच्या ब्रेकची नवी वायर टाकत होतास आणि मी तुला तीनदा हाक मारून उठवलं. एकदा मंडपाच्या खांबासाठी, एकदा पाहुण्यांच्या सायकलीसाठी आणि एकदा माईकची वायर शोधायला. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं तू त्याच तीन हाकांवरून स्वतःला फासावर चढवलंस.

सोनूच्या आधी दोघं त्या उतारावरून नीट उतरले. मी खाली मैदानात होतो, तू वर सायकली सोडायला. तिचं लाल हेल्मेट उताराच्या तोंडाशी दिसलं. तुझी बिजलीबाई माझ्यापासून पाचसहा हातांवर पदर दाताखाली धरून उभी होती. हेल्मेट अर्ध्यावर आलं, आणि मग सायकल तिथंच थांबली आणि पोरगी पुढं गेली. एवढंच दिसलं. तू वरून धावलास, मी खालून. तू तिच्यापाशी बसलास. मी तुम्हा दोघांना ओलांडून वर गेलो. सायकल उचलायला गेला, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या चाकाएवढं भोक पडलं होतं, गुडघाभर खोल. मी पायानं मुरूम ओढला. दोन दगड टाकले. वरून आणखी मुरूम लोटला आणि सायकल ओढून त्याच्यावर आडवी केली. तुझी पाठ माझ्याकडं होती. तू तिला "याडी, याडी" म्हणून हाका मारत होतास, लेकीला आई म्हणून. तो आवाज मात्र मला अजून ऐकू येतो. त्याच्यासाठी भिंतीकडं तोंड करून बसावं लागत नाही.

खाली आलो तर माणसं जमलेली. देवीलाल सरपंच, वर्तमानपत्रवाला, ते नागपूरचे डॉक्टर. देवीलालनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "मारोतराव, झालं काय?" पडताना हँडल गर्रकन फिरलं होतं आणि पुढच्या ब्रेकची वायर लिव्हरपाशी निघून लोंबत होती. ती मला दिसली. दुसरीकडं माझ्यापुढं ते भोक होतं, ठराव होता, पाट्या होत्या, कडुनिंबाखालून इथपर्यंतची वर्षं होती. मी म्हणालो, ब्रेकची वायर तुटली. मी ऐकलं ना. आधी टण्ण झालं, मग पडली. कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. काहून विचारतील? मारोतीनं ऐकलं होतं. वर जाऊन पाहायची गरज नव्हती.

प्रश्न फक्त तू विचारलास, दवाखान्याच्या पायरीवर. "टण्ण झालं म्हंजे वरून सुटली का खालून?" मी म्हणालो, वरून. तू आपल्या अंगठ्याकडं बघितलंस आणि स्वतःच मला चूक शोधून दिलीस. म्हणालास, "वरचा स्क्रू आवळतानाच तू तिसरी हाक मारली होती. अर्धा आटा राहून गेला असन." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, होते रे माणसाकडून. हरि, मी आयुष्यात पुष्कळ धंदेवाईक खोटं बोललो. जुनं टायर नवं म्हणून नाही विकलं, पण जवळपासचं सगळं केलं. त्या एका वाक्याइतकं हलकट काही केलं नाही. तुला माफ केल्यासारखं बोललो मी.

शुद्धीवर आल्यावर सोनू म्हणाली होती, "काका, चाक खाली गेलं." मी तिलाही सांगितलं, डोक्याला मार लागला की तसं वाटतं. ऑपरेशनला मी धावपळ केली, नागपूरला सोळा दिवस राहिलो, तर लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. बिजलीबाईनं त्या वर्षी मला राखी बांधली. तिनं "मारोतीभिया" म्हणून ताटातला पेढा पुढं केला आणि मी तो खाल्ला. पावसाळ्याआधी मी एकटाच वर जाऊन ते भोक दगडांनी नीट भरलं, तोवर उतार बंद ठेवला होता. म्हणजे पुरावाही मीच चांगल्या कारागिरीनं पुरला. तू पाने तेल लावून कापडात बांधलेस, माझ्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालास, "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला." मी तुला थांबवायचं नाटकसुद्धा नीट केलं नाही. तू समोर नसशील तर जगता येईल, असं मला वाटलं होतं. तुझे पाने त्याच कापडात आहेत. दर अमावास्येला मी तेल बदलतो आणि पुन्हा गाठ मारतो.

गेल्या गुरुवारी मी कुदळ घेऊन तिथं गेलो. या वयात दम लागतो, पण एकट्यानंच खोदलं. दगड काढले, खालचं भगदाड मोकळं केलं. त्याच्या वरच्या कडेनं अजून पाणी झिरपतंय. देवीलाल टपरी सोडून वर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे कधी पडलं?" मी म्हणालो, होतंच. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. सरपंच उगाच नाही झाला तो. "मारोती ड्रॉप"ची पाटी मी काढली आहे आणि उताराच्या तोंडाशी काटे टाकले आहेत. शर्यत बैलांच्या वळशानंच जाईल. पुढच्या ग्रामसभेत हे सगळं उभा राहून सांगणार आहे, कागद वाचून नाही, तोंडानं. पण त्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून.

आता हे पत्र आजच काहून, ते सांगतो. त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी सोनू मारेगावहून दुकानात आली होती. लंगडत नाही आता, फक्त पायऱ्या उतरताना उजवा पाय जरा जपून टाकते. खोक्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बापू माह्या सायकलीले हात नाई लावत. मी चालवाले निघाली की घरात जाऊन बसते. अन् बापूनं जोडल्याबिगर मी त्या टेकडीवरून उतरणार नाई." मी म्हटलं, मी काय करू पोरी? तर म्हणाली, तुमच्या कानावर बापूचा भरोसा आहे, स्वतःच्या हातापेक्षा जास्त. मग थोडी घुटमळली. "एक काम करा न काका. त्याले एक चिठ्ठी लिहा. लिहा का त्या दिवशी तुम्हाले बराबर ऐकूच आलं नव्हतं. खोटं असू द्या. माह्यासाठी एवढं एक खोटं बोला." बावीस वर्षांची पोरगी माझ्याकडं खोटं मागायला आली होती आणि मागताना तिलाच ओशाळं झालं होतं. मी म्हणालो, रविवारी सकाळी ये, चिठ्ठी तयार ठेवतो. हे पाकीट तुझ्या हातात तिनंच दिलं असेल. आत तिच्या मनासारखं खोटं आहे असं समजून ती समोर उभी असेल, तुझ्या तोंडाकडं बघत. वाचून झालं की तिलाही वाचायला दे. मला काय म्हणायचं, काय करायचं, ते तुम्ही तिघं ठरवा. मी दुकानातच आहे, कुठं जात नाही. तुझे पाने कापडासकट खोक्यावर ठेवले आहेत. तू टाकलेली वायर मी तेव्हाच काढून जपून ठेवली होती, ती सोबत पाठवतो आहे. तिचं टोक नखानं बघ, तुझ्या पान्याचा दाब पूर्ण बसलेला आहे, ती तुटलेली नाही, ओढून निघालेली आहे. आणि त्या टण्णचं म्हणशील तर, मी त्या वेळी मैदानात धडधडणाऱ्या जनरेटरला टेकून उभा होतो. पाच हातांवर बिजलीबाई ओरडली, तेसुद्धा मला ऐकू आलं नव्हतं.

तू ठेवशील तर तुझाच,
मारोती